देणगीची वही : नव्या वर्षाच्या तोंडावर आलेले प्रश्न

डिसेंबर संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. वर्षभर विचारले जाणारे संस्थेची घटना, नियमावली आणि विश्वस्तांमधील वाद यांविषयीचे प्रश्न मागे पडतात, आणि मार्चपर्यंत पैसे कोठून उभे करायचे, हा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुढे येतो. या वेळी त्यात आणखी एका चिंतेची भर पडली आहे. प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत आहे, आणि पुष्कळ धर्मादाय संस्थांच्या करविषयक नोंदणीची पाच वर्षांची मुदत नेमकी त्याच्या आदल्या दिवशी संपत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. व्यक्तींची आणि संस्थांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : आमची संस्था मुलींचे वसतिगृह चालवते. पूर्वी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्या-मुंबईचे नोकरदार कर वाचवण्यासाठी आम्हाला देणगी देत असत. गेल्या दोन वर्षांत त्यांतील निम्म्याहून अधिक जणांनी "आता ८०जीचा काही उपयोग नाही" असे सांगून हात आखडता घेतला. आम्ही काय करावे? (सचिव, सातारा जिल्हा)

उत्तर : आपल्या देणगीदारांचे म्हणणे नियमांच्या दृष्टीने बरोबर आहे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ पद्धत ठरली असून तिच्यात देणगीवरची, म्हणजे ८०जी कलमाची, वजावट मिळत नाही. २०२५-२६ पासून तर या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर करच भरावा लागत नसल्याने मध्यमवर्गीय पगारदाराला जुन्या पद्धतीकडे वळण्याचे कारण फारसे उरलेले नाही. जुनी पद्धत रद्द झालेली नाही, आणि गृहकर्जावरील व्याज, विमा, भविष्य निर्वाह निधी अशा वजावटी मोठ्या प्रमाणात घेणारे काही जण अजूनही तिच्यातच आहेत. आपल्या यादीतील असे देणगीदार वेगळे काढून त्यांना ८०जीची आठवण जरूर करावी.

पण मला आपल्या प्रश्नामागील हिशेब तपासून पाहावासा वाटतो. दहा हजार रुपयांच्या देणगीवर निम्म्या रकमेची, म्हणजे पाच हजारांची वजावट मिळत असे, आणि सर्वांत वरच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाचाही त्यामुळे जेमतेम दीड हजारांचा कर वाचत असे. उरलेले साडेआठ हजार तो स्वतःच्या खिशातून देत होता आणि ते तो करासाठी देत नव्हता. कर हे निमित्त होते. मार्च महिना जवळ आला की त्याला आपली आठवण करून देणारे ते कॅलेंडर होते. ते कॅलेंडर गेले आहे, तेव्हा संस्थेने दुसरे कॅलेंडर शोधले पाहिजे. असे कॅलेंडर आपल्याकडे आहेच. आईवडिलांच्या श्राद्धतिथीला किंवा नातवाच्या वाढदिवसाला वसतिगृहातील मुलींच्या एका दिवसाच्या जेवणाचा खर्च उचलणारी कुटुंबे महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात सापडतात. पुण्यात २००५ पासून पितृपक्षात भरणारे 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन आणि गणेशोत्सवात 'लोकसत्ता'तर्फे चालणारा 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम या दोहोंनी नेमके हेच ओळखले, की मराठी माणूस आर्थिक वर्षापेक्षा पंचांगाप्रमाणे अधिक सहज देतो.

दुसरी गोष्ट नियमित छोट्या देणगीची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे तिच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठ मूठ धान्य बाजूला काढले जाई, हे आपल्याच जिल्ह्यात मी नव्याने सांगण्याची गरज नाही. त्या मुष्टिफंडाचे आजचे रूप म्हणजे दरमहा दोनशे किंवा पाचशे रुपये आपोआप वळते होण्याची सोय. यूपीआयवरील ऑटोपे ही सुविधा २०२० पासून उपलब्ध आहे. १५ हजार रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन टाकावा लागत नाही, आणि पैसे वळते होण्याच्या किमान २४ तास आधी देणगीदाराला सूचना जाते. ज्यांना फोनवरील व्यवहार नकोसा वाटतो त्यांच्यासाठी बँकेचा एनएसीएच पद्धतीचा कागदी अर्ज अजूनही चालतो. दरमहा तीनशे रुपये देणारे दोनशे जण मिळाले, तर वर्षाला सात लाख वीस हजार रुपये होतात. ही रक्कम एखाद्या कंपनीच्या धनादेशाइतकी मोठी दिसत नाही, परंतु पुढच्या जून महिन्यात धान्य भरायला पैसे असतील की नाही, हे ती आजच सांगू शकते.

एक कागदी बाब विसरू नये. ८०जीचा लाभ घेणाऱ्या देणगीदाराला आता केवळ छापील पावती पुरत नाही. संस्थेने १०बीडी हे विवरण ३१ मेपर्यंत भरून १०बीई हे प्रमाणपत्र द्यावे लागते. उशीर झाल्यास दर दिवसाला २०० रुपये शुल्क पडते. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही, हेही पावतीपुस्तकाच्या पाठीमागे छापून घ्यावे, म्हणजे जुलैमध्ये कोणाशी वाद होणार नाही.

प्रश्न : सीएसआरसाठी (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) गेल्या जानेवारीत चाळीस कंपन्यांना प्रस्ताव पाठवले. दोघांचे उत्तर आले, तेही नकाराचे. यंदा पुन्हा पाठवावेत का? (कार्यकर्ता, सांगली)

उत्तर : जानेवारीत पाठवू नयेत, आणि चाळीस तर नकोतच. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एका मर्यादेपर्यंत पोचतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या संचालक मंडळाला वर्षाचा कृती आराखडा मंजूर करावा लागतो. म्हणजे जानेवारीत आपला प्रस्ताव जेव्हा मेजावर येतो, तेव्हा त्या वर्षाचे पैसे बहुधा वाटून झालेले असतात. चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढील तीन वर्षांत वापरता येते, त्यामुळे मार्चमध्ये कोणाला तरी घाईने पैसे देण्याची पूर्वीची धावपळही पुष्कळ कमी झाली आहे. नव्या प्रस्तावाच्या भेटीगाठी आता सुरू कराव्यात, पण त्यात एप्रिलनंतरचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवावे.

कोणाकडे जावे, हा याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. राज्यांच्या यादीत महाराष्ट्रात सर्वाधिक सीएसआर निधी खर्च होतो हे खरे, पण त्याचा मोठा भाग मुंबई-पुण्याभोवती फिरतो आणि मोठ्या कंपन्यांना मोठ्या संस्था हव्या असतात. ज्या कंपनीची दोन टक्क्यांची रक्कम ५० लाखांच्या आत आहे, तिला स्वतंत्र सीएसआर समितीही नेमावी लागत नाही. निर्णय संचालकच घेतात. कुपवाडच्या किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत असा कारखाना असेल, तर त्याचे मालक आपल्या शाळेच्या फाटकावरून रोज जात असण्याची शक्यता आहे. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाही सांगतो. अशा चार जणांना प्रत्यक्ष भेटा. त्याआधी १२एबी (संस्थेच्या स्वतःच्या करसवलतीची) आणि ८०जी नोंदणी, सीएसआर-१ या सरकारी नोंदणीचा क्रमांक आणि किमान तीन वर्षांच्या कामाचे लेखापरीक्षित हिशेब हाताशी ठेवा. यांतील एक जरी कमी असेल, तर कंपनीची इच्छा असूनही तिला पैसे देता येत नाहीत.

सीएसआर मिळवून देतो म्हणून आगाऊ फी मागणारे मध्यस्थ सध्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले आहेत. काही जण तर मिळालेल्या रकमेतील काही भाग रोख परत करण्याची अट घालतात. अशा माणसाला चहा पाजून निरोप द्यावा. चहाही ऐच्छिक आहे.

प्रश्न : माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. आमच्या गावच्या वाचनालयाला तो पाच लाख रुपये द्यायला तयार आहे. संस्थेची एफसीआरए (विदेशी देणगी घेण्यासाठीची) नोंदणी नाही. हे पैसे घेता येतील का? (विश्वस्त, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : पुतण्या कोठे राहतो याला येथे महत्त्व नाही, त्याच्याजवळ कोणत्या देशाचे पारपत्र आहे, यावर सारे अवलंबून आहे. तो अजून भारताचा नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असेल, तर ते विदेशी योगदान ठरत नाही आणि संस्थेच्या साध्या खात्यात घेता येते. त्याच्या भारतीय पारपत्राची प्रत मात्र फाइलला लावून ठेवावी. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे कार्ड) खिशात असले तरी कायद्याच्या दृष्टीने तो परदेशी देणगीदार आहे. अशा वेळी नोंदणीशिवाय एक रुपयाही घेणे हा विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० चा भंग होतो.

आपल्या पत्राच्या शेवटी आपण सुचवले आहे की पुतण्याने पैसे आपल्या नावावर पाठवावेत आणि आपण ते वाचनालयाला द्यावेत. नातेवाइकांकडून येणाऱ्या रकमेला सवलत आहे, आणि २०२२ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत सरकारला कळवण्याचीही गरज नाही. पण ही सवलत कुटुंबासाठी आहे. ती रक्कम ठरवून संस्थेकडे वळवण्यासाठी आपण केवळ वाहक झालात, तर आपणही अडचणीत याल आणि वाचनालयही. हा मार्ग मी सुचवणार नाही. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेकडे पैसे घेऊन ते आपल्याकडे वर्ग करण्याचा जुना रिवाजही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या प्रमाणात ग्राह्य ठरवली.

उरतो तो पूर्वपरवानगीचा मार्ग. त्यात ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक कामासाठी, ठरावीक रक्कम घेण्यास केंद्रीय गृह मंत्रालय परवानगी देते आणि त्यासाठी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते उघडावे लागते. पाच लाखांसाठी हा व्याप करावा की नाही, हे विश्वस्तांनी ठरवावे. पुतण्याला काम महत्त्वाचे वाटत असेल आणि वाचनालय फार नाही, तर महाराष्ट्र फाउंडेशन ही १९७८ पासून अमेरिकेतील मराठी मंडळी चालवत असलेली संस्था तेथे निधी गोळा करून येथील नोंदणीकृत संस्थांना मदत करते. मात्र त्या पैशांतून आपले वाचनालय उभे राहणार नाही, हे त्याला आधीच सांगावे.

प्रश्न : गेल्या वर्षी परदेशी मदत थांबल्याने माझी आरोग्य प्रकल्पातील नोकरी गेली. या क्षेत्रात पुन्हा यावे का? (ठाणे जिल्हा)

उत्तर : आपल्यावर आलेला प्रसंग अनेकांवर आला. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली आणि १ जुलैपासून यूएसएड या संस्थेचे कामच संपले. त्या निधीवर चालणारी तृतीयपंथीयांसाठीची 'मित्र' ही तीन दवाखान्यांची साखळी हैदराबादसह कल्याण आणि पुणे येथे होती; ती बंद पडल्याचे आपण जवळून पाहिले असेल. परत येण्याचा निर्णय आपला आहे. मुलाखतीत एवढे मात्र न संकोचता विचारावे, की संस्थेचे उत्पन्न किती देणगीदारांकडून येते आणि त्यांतील सर्वांत मोठा देणगीदार उद्या गेला तर पगार किती महिने निघतील. या प्रश्नावर रागावणाऱ्या संस्थेत जाऊ नये.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो आहे. सोशल स्टॉक एक्स्चेंजवर संस्थांचे रोखे मिळतात असे वाचले. हे गुंतवणुकीचे साधन समजावे का? (पुणे)

उत्तर : समजू नये. सेबीने २०२२ मध्ये नियम केल्यावर मुंबई आणि राष्ट्रीय या दोन्ही शेअर बाजारांत हा विभाग सुरू झाला. त्यातील धर्मादाय संस्थांच्या रोख्यांना व्याज नाही, मुद्दल परत मिळत नाही आणि ते बाजारात विकताही येत नाहीत. डीमॅट खात्यात दिसणारी ती देणगीच आहे. फरक इतका की संस्थेला उद्दिष्ट आधी जाहीर करावे लागते आणि नंतर त्याचा परिणाम काय झाला, याचा अहवाल द्यावा लागतो. पहिली नोंदणी डिसेंबर २०२३ मध्ये बंगळुरूच्या उन्नती या संस्थेची झाली; तिने १ कोटी ८० लाख रुपये उभे केले. तेव्हापासून किमान अर्जाची रक्कम दोन लाखांवरून आधी दहा हजार आणि मार्च २०२५ मध्ये एक हजार रुपयांवर आणली गेली. तरीही किमान ५० लाखांची उभारणी करावी लागत असल्याने तालुक्यातील छोट्या संस्थेसाठी हा दरवाजा अजून उंचच आहे.

प्रश्न : आमच्या १२एबी नोंदणीची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते, हे आम्हाला डिसेंबरात कळले. आता काय? (खजिनदार, लातूर)

उत्तर : नूतनीकरणाचा १०एबी हा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता. उशिराचे वाजवी कारण असेल, तर तो माफ करण्याचा अधिकार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्राप्तिकर आयुक्तांना आहे, म्हणून हे उत्तर वाचून होताच अर्ज आणि सोबत विलंबमाफीची विनंती दाखल करावी. "आमच्या हिशेबनिसाने सांगितले नाही" हे कारण फारसे टिकत नाही. आजारपण, विश्वस्तांचे निधन, कागदपत्रे अडकणे अशी जी खरी कारणे असतील ती पुराव्यासह लिहावीत. अर्जच न करणे महागात पडते, कारण अशा वेळी संस्थेच्या देण्यांपेक्षा जितकी मालमत्ता जास्त असेल तिच्यावर सर्वोच्च दराने कर लागू शकतो, आणि यात संस्थेची जुनी इमारतही बाजारभावाने मोजली जाते.

दिलासा एवढाच, की मागील दोन्ही वर्षांत एकूण उत्पन्न पाच कोटींच्या आत असलेल्या संस्थेला आता ही नोंदणी दहा वर्षांसाठी मिळू शकते. ८०जीची मान्यता मात्र पाचच वर्षांची आहे, त्यामुळे दोन्ही तारखा कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावाव्यात.

अर्ज अडकण्याचे महाराष्ट्रातील नेहमीचे कारण वेगळेच असते. संस्थेचे विश्वस्त बदललेले असतात, पण धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एकवर (विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीत) अजून आधीच्या पिढीची नावे असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे असा बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. माझ्या पाहण्यातील एका संस्थेच्या तीन विश्वस्तांचे निधन होऊन वर्षे लोटली होती आणि कागदोपत्री मात्र ते बहुमतात होते. आपला चेंज रिपोर्ट, म्हणजे हा बदल कळवणारा अर्ज, प्रलंबित असेल, तर त्याच्या पोचपावतीची प्रत अर्जाला जोडावी.

प्रश्न : वर्गखोली बांधून देणाऱ्याच्या नावाची पाटी लावली, तर त्यावर जीएसटी भरावा लागतो का? आणि आमच्या जुन्या देणगीदारांची यादी दुसऱ्या संस्थेला द्यावी का? (मुख्याध्यापक, जळगाव जिल्हा)

उत्तर : कृतज्ञतेची पाटी असेल आणि तिच्यात धंद्याची जाहिरात नसेल, तर जीएसटी लागत नाही; ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे. नावाखाली दुकानाचा पत्ता आणि फोन क्रमांक आला, की ती प्रायोजकता होते. यादीचे म्हणाल, तर देऊ नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आहेत. मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील, पण ज्याने आपल्या शाळेवर विश्वास ठेवून फोन क्रमांक दिला, त्याला अनोळखी संस्थेचे संदेश येऊ लागले तर तो कायद्याची वाट पाहणार नाही.

प्रश्न : दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दोन लाख रुपये एका बालगृहाला द्यावयाचे आहेत. माझी अट अशी, की यातील एक पैसाही पगारावर जाऊ नये आणि तिचे नाव कायम राहावे. अशी अट घालता येते का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : येते. रक्कम कायम निधीत ठेवावी असे आपण लेखी दिलेत, तर संस्थेने मुद्दलाला हात न लावता केवळ व्याज वापरायचे असते. तरीही सही करण्यापूर्वी आपण दोन गोष्टींचा विचार करावा, अशी विनंती आहे.

सात टक्के व्याज धरले तर दोन लाखांवर वर्षाला चौदा हजार रुपये येतील. आज त्यांत काही मुलांचे गणवेश होतील, पण वीस वर्षांनी तेवढ्याच रुपयांत किती होतील? चाळीस वर्षांपूर्वी मोठ्या मायेने ठेवलेल्या ठेवींच्या व्याजातून आज एक डझन वह्याही येत नाहीत अशी पारितोषिके अनेक शाळांच्या स्नेहसंमेलनांत अजून दिली जातात. नाव पुकारले जाते, मूल उठून येते आणि पाकीट उघडल्यावर हसते. नाव राहते, पण अशा रीतीने राहावे असे आपल्याला वाटणार नाही.

दुसरी गोष्ट पगाराची. बालगृहातील मुलांना रात्री ताप आला तर त्यांच्या उशाशी जी बाई बसते, तिचा पगार हाच बालगृहाचा खरा खर्च असतो. धान्य, कपडे, वह्या यांसाठी देणगीदार मिळतात. तिच्या पगारासाठी मिळत नाहीत, म्हणून ती वर्षभरात सोडून जाते आणि मुलांना पुन्हा नव्या माणसाची सवय करावी लागते. कार्यालयीन उधळपट्टी आणि काळजीवाहकाचे वेतन यांना एकाच तराजूत घालण्याची चूक सरकारी नियमांकडूनही होते. आपण तरी ती करू नये. आपण आयुष्यभर शाळेत शिकवलेत, त्या शाळेचाही मुख्य खर्च आपला पगारच होता.

आपल्याला पटले, तर एक लाख रुपये कायम निधीत ठेवावेत आणि एक लाख रुपये काळजीवाहक महिलेच्या वेतनासाठी दोन वर्षांत वापरावेत, असे पत्र द्यावे. देण्यापूर्वी एकदा दुपारी, न कळवता, बालगृहात जाऊन यावे आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागावेत. ते पाहायला मिळाले, तर धनादेशासोबतच्या पत्रात 'कायम निधी' हे शब्द आणि रक्कम अक्षरी व अंकी लिहावी, पत्राच्या प्रतीवर संस्थेचा शिक्का घ्यावा आणि ती प्रत आपल्या मुलांपैकी एकाला माहीत असेल अशा ठिकाणी ठेवावी.